खातं टोपणनावाचं, मार दुसऱ्याच पोट्ट्याला

(हे उत्तर, पत्र आलं त्याच दिवशी, ते लिहिणारीला पाठवलं होतं. आता बऱ्याच काळानं, तिच्या परवानगीनं छापते आहे. वय, धंदे, जागा बदलल्या आहेत. पश्चिम विदर्भातलं, कापूस-सोयाबीनवर जगणारं एक गाव, एवढंच वाचकांनी समजावं आणि आपल्या गावाशी जुळवत बसू नये.)

पत्र:

ताई, मी 23 वर्षांची आहे. पदवी झाली, आता घरीच स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. मागच्या वर्षी फेसबुकवर टोपणनावानं खातं उघडलं आणि गावात जे दिसतं ते आमच्या बोलीत लिहायला लागले. नळाचं पाणी, शाळा, अंगणवाडीचा खाऊ. लोकांना आवडलं. मग घरकुलाची यादी हाती लागली. पक्क्या घरवाल्यांची नावं त्यात होती, म्हणून मी अख्ख्या यादीचा फोटो टाकला. पाठोपाठ नवऱ्यानं टाकलेल्या एका बाईचं पडकं घर दाखवलं, तिचं नाव यादीतून कसं गेलं ते लिहिलं. गावात भडका उडाला. सरपंचाच्या माणसांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं की हे खातं मोबाईल दुरुस्तीवाल्या पोट्ट्याचं आहे, कारण फोनातलं त्यालेच समजते. पानठेल्यावर त्याला मारलं, फोन हिसकावला. तो फोन अजून त्यांच्याकडेच आहे. मी खोटं काहीच लिहिलं नाही, पण मार त्याले बसून रायला. सरपंच म्हणते सायबरकडे जातो, 66 अ लावतो. त्या बाईनं मजुरीला येणंच बंद केलं. पण ताई, खेड्यात कोणाचं काय लपते? सगळ्याइले सगळं माहीतच असते. बाबाला कळलं तर अभ्यास बंद, आई म्हणेल आता हिचं लग्न कोण जुळवते. मी नाव सांगू, का खातं बंद करून गप्प बसू?

उत्तर:

पोरी, यादी तुझ्या हाती कशी आली हे तू मला सविस्तर लिहिलंस. ते यापुढे कोणालाही सांगू नकोस, घरातही नाही. उद्या तुझं नाव उघड झालं तरी त्या माणसाचं होता कामा नये. नाव सांगायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क तुला आहे तो फक्त तुझ्या स्वतःच्या नावापुरता, आणि माझं पुढचं सगळं म्हणणं यातूनच निघतं.

आधी तो पोट्टा. तुझं नाव झाकलेलं राहावं म्हणून तो मार खातो आहे, आणि त्याला कोणी विचारलेलं नाही. त्याचा फोन त्यांच्याकडे आहे ना? मग आज संध्याकाळीच त्या खात्यावरून एक पोस्ट टाक. तिच्यात आजच्याच दिवसाचं काहीतरी असू दे, म्हणजे सकाळी फळ्यावर लागलेली सूचना, किंवा न आलेली एसटी. साध्या शब्दांत लिही की ज्याला मारलं त्याचा या खात्याशी काहीएक संबंध नाही, त्याचा फोन तुमच्याच ताब्यात असताना हे लिहिलं जातंय, तेव्हा तो त्याला परत द्या. त्याचं नाव घेऊ नकोस. टोमणा मारू नकोस. सरपंचाला डिवचायची ही वेळ नाही.

त्याच्याकडे जाऊन सगळं सांगून टाकावं असं तुला वाटेल. सध्या तेही नको. आज तो ‘मला माहीत नाही’ म्हणतो ते खरं आहे, आणि खरं असल्यामुळेच तो टिकून आहे. तुझं नाव त्याच्या पोटात ठेवलंस तर पुढच्या वेळी त्याला मारही खावा लागेल आणि खोटंही बोलावं लागेल. त्याच्या घरच्यांपर्यंत एवढं पोचव, कोणाच्या तरी मार्फत: मारहाण करायचा, फोन हिसकावून उघडायला लावायचा अधिकार सरपंचाला नाही आणि गावातल्या कोणालाच नाही. त्यानं ठाण्यात तक्रार द्यावी. ठाणेदारानं घेतली नाही तर तीच तक्रार लिहून पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवता येते.

आणि येत्या रविवारपर्यंत त्याच्यावरचा संशय गेला नाही, किंवा त्याच्यावर पुन्हा कोणी हात उचलला, तर तुला नाव सांगावं लागेल. इथे मी तुला दुसरी वाट दाखवणार नाही. मात्र ते ग्रुपवर सांगायचं नाही आणि एकटीनं तर नाहीच. आधी घरात सांग. कोणाला, ते तूच ठरव. आईला लग्नाची काळजी असली तरी बाबांपुढे तुझ्या बाजूनं उभी राहायची वेळ आली तर बहुतेक तीच राहील असं तुझ्या पत्रावरून मला वाटलं. मग तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं तिथे जा. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. 1987 च्या कायद्यानं दिलेला हक्क आहे तो. 15100 वर फोन करूनही विचारता येतं. वकील सोबत घे आणि ठाण्यात लेखी निवेदन दे की खातं माझं आहे, मार दुसऱ्याला बसला. बाबा चिडतील. अभ्यास काही दिवस थांबेलही. तरी हेच कर.

आता ती यादी. हे वाचताच काढून टाक. लोकांनी स्क्रीनशॉट घेतले असतील, ते तुझ्या हातात नाही; तुझ्या खात्यावर ती नसावी, हे तुझ्या हातात आहे.

पाठवलेल्या फोटोत मी पाहिलं, नावापुढे आधार क्रमांक आहेत, बँक खात्याचे क्रमांक आहेत. कोणाला घरकुल मंजूर झालं आणि किती हप्ते गेले, हे गावाला कळलंच पाहिजे. पैसा सरकारी आहे, सपाट भागात एका घराला योजनेचं मूळ अनुदान 1 लाख 20 हजार रुपये. अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील सरकारी कार्यालयानं कोणी मागायच्या आधीच जाहीर करावा, असं 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 सांगतं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या संकेतस्थळावर गावनिहाय नावं आणि हप्ते कोणालाही दिसतात. पण आधार क्रमांक जाहीरपणे छापायला किंवा लावायला 2016 च्या आधार कायद्याच्या कलम 29 नं मनाई आहे. म्हणजे तुला जे दाखवायचं होतं ते आधीच उघडं होतं, आणि त्या कागदातून नव्यानं बाहेर गेलं ते नेमकं झाकून ठेवायचं होतं तेच. ज्यांनी घर लाटलं त्यांचे क्रमांक गेले तसेच ज्यांचं घर हक्काचं आहे त्यांचेही गेले. उद्या एखाद्या म्हातारीला फोन येईल, पलीकडचा माणूस तिचं नाव सांगेल, खात्याचे शेवटचे आकडे सांगेल, म्हणेल तुमचा घरकुलाचा हप्ता अडकलाय, मोबाईलवर आलेला आकडा सांगा. एवढी माहिती असलेला माणूस तिला साहेबच वाटेल.

त्या बाईच्या पोस्टवर मला जरा थांबायचं आहे, कारण तुझ्या पत्रात तिच्यासाठी एकच वाक्य आलं.

खेड्यात कोणाचं काय लपते, असं तू विचारतेस. गावाला बरंच माहीत असतं, खरं आहे. कोणाच्या सातबाऱ्यावर किती बोजा, कोणाची लेक माहेरी येऊन का राहिली, कोणाच्या घरी रात्री आवाज चढतो. पण माहीत असूनही न काढायची एक रीत आपल्या गावांमध्ये आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. पंगतीला बसल्यावर कोणी कोणाच्या कर्जाचं काढत नाही. निंदणाच्या ओळीत टाकलेल्या बाईला नवऱ्याबद्दल कोणी विचारत नाही, एखादीनं विचारलंच तर शेजारची तिला डोळ्यानं गप्प करते. सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीवर सगळ्यांनी मिळून धरलेला पदर आहे तो. त्याच्या आड माणसं मान वर करून जगतात. शहरात अनोळखीपणामुळे जे मिळतं ते खेड्यात असं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मुकेपणानं मिळतं, आणि म्हणूनच ते मोडायला फार थोडं पुरतं.

तिच्या घराचा फोटो, त्यात दारात उभी असलेली तिची मुलगी, खाली नवऱ्यानं टाकल्याची हकिकत. तू तिच्याच भल्यासाठी लिहिलंस, यात मला शंका नाही. पण ते गावातच राहिलं नाही. तिच्या माहेरच्या लोकांनी पाहिलं असेल, त्या मुलीच्या वर्गातल्या पोरांनी पाहिलं असेल. जे कोणी तोंडावर काढत नव्हतं ते आता सगळे काढू शकतात, कारण ते ‘पोस्टमध्येच होतं’. वावरात येणं तिनं उगाच बंद केलेलं नाही. आणि तिला तू विचारलं नव्हतंस. स्वतःचं नाव झाकून तू तिचं उघडं केलंस. तुझ्या सगळ्या लिखाणात मला खटकलं ते हे, सरपंचाविषयीचं काही नाही.

पोस्ट काढ. काढल्याचं कारण खात्यावर एका ओळीत दे, तिचा पुन्हा उल्लेख न करता. तुझं नाव गावात कोणाला आपणहून सांगायचं झालं, तर घरच्यांनंतर पहिल्यांदा त्या बाईला सांग, तिच्या घरी जाऊन, मुलगी समोर नसताना. ती रागावेल. ऐकून घे. तिचं घरकुलाचं प्रकरण पुढे न्यायचं की नाही, हे तिनं ठरवायचं.

एवढं बोलल्यावर दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे सांगते: टोपणनावानं लिहिण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ‘हिंमत असेल तर नावानं लिही’ असं ग्रुपवर तुला म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या घरात सत्ता आहे, ट्रॅक्टर आहे, चार माणसं पाठीशी आहेत. त्यांना नावानं बोलायला हिंमत लागतच नाही. गोपाळ हरी देशमुखांनी 1848 पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावानं लिहिलं. ते सरकारी नोकरीत होते. 1885 साली टाइम्स ऑफ इंडियात बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्याविरुद्ध दोन पत्रं आली, सही होती ‘एक हिंदू स्त्री’. लिहिणारी होती रखमाबाई. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जायला तिनं नकार दिला होता आणि त्यानं तिच्यावर घातलेला खटला तेव्हा चालूच होता. त्या पत्रांवर तिनं नाव घातलं नाही म्हणून त्यातलं एक अक्षरही खोटं ठरलं नाही. पुढे ती स्वतःच्या नावानं डॉक्टर झाली. आणि नाव उघड करून भ्रष्टाचाराविरुद्ध उभं राहण्यात काय धोका असतो, ते आपल्याच राज्यात तळेगाव दाभाड्याला जानेवारी 2010 मध्ये दिसलं. माहिती अधिकारातून जमिनीचे व्यवहार बाहेर काढणाऱ्या सतीश शेट्टींची सकाळी फिरायला गेले असताना हत्या झाली. तुझी भीती खोटी नाही.

सरपंचाच्या धमकीचं थोडक्यात. 66 अ, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराचं कलम, आता नाही. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, एकीनं लिहिलं आणि दुसरीनं लाइक केलं एवढंच. त्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 24 मार्च 2015 ला ते कलम रद्द झालं. बदनामीचं कलम आहे, भारतीय न्याय संहितेतलं 356. पण लोकहितासाठी सांगितलेलं सत्य त्यात बसत नाही. त्यासाठी तुझ्याकडे पुरावा हवा, म्हणून ज्या पोस्टमधला आरोप कागदावर दाखवता येत नसेल ती तूच आज काढ. काल्पनिक नाव घेणं गुन्हा नाही. पण खात्याला तू जिचा फोटो लावला आहेस ती मुलगी कोणीतरी खरी आहे. तिचा चेहरा वापरायचा तुला अधिकार नाही, आणि दुसऱ्याची ओळख वापरल्याचं बालंट तुझ्यावर येऊ शकतं. तिथे कपाशीचं फूल लाव, काहीही लाव, माणूस नको.

हेही स्पष्ट असू दे की तुझं नाव सरपंचापासून लपू शकतं, पोलिसांपासून नाही. सिमकार्ड ओळखपत्रावर घेतलेलं असतं, आणि गुन्हा नोंदवून रीतसर मागितलं तर कंपनीला माहिती द्यावी लागते. ग्रुपवर ओरडून ती कोणालाही मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 ला खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क तुझा आहे, आणि त्या यादीतल्या प्रत्येकाचाही आहे.

गावाला मात्र कंपनीची गरज पडत नाही. खातं तुझ्या नेहमीच्या मोबाईल नंबरवर आहे, तो नंबर अर्ध्या गावाच्या फोनमध्ये साठवलेला आहे, आणि त्यांना ‘ओळखीचे असू शकतात’ म्हणून तुझंच खातं दाखवलं जाऊ शकतं. नंबर काढ, वेगळा ईमेल जोड, फोनमधली नावं ॲपला द्यायची सोय बंद कर, दोन टप्प्यांची सुरक्षा लाव. धाकट्या भावाला तुझ्या फोनचा पॅटर्न माहीत आहे म्हणतेस, तो आजच बदल. ई-सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवर कधी लॉगिन केलं असशील तर सगळीकडून लॉगआउट कर. आणि फोटो. कोणत्या बाजूनं काढलाय त्यावरून गावातला माणूस तो कोणाच्या गच्चीवरून आहे हे सांगू शकतो. बोलीचंही तसंच आहे. तुझे दोन-तीन शब्द इतके तुझे आहेत की मी फक्त पोस्ट वाचून ते ओळखायला लागले. सगळ्यांत ठळक खूण तुला वेगळी कळवते, ती इथे लिहीत नाही.

खातं बंद करू नकोस. आज बंद केलंस तर सगळे म्हणतील, पोट्ट्याला मारलं आणि खातं बंद पडलं, म्हणजे त्याचंच होतं.

घरकुलाचा प्रश्न मात्र खात्यावर सुटणार नाही. माहिती अधिकाराचा अर्ज ग्रामपंचायतीत देऊ नकोस, पंचायत समितीच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे दे. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 30 दिवसांची मुदत. कारण विचारायचा त्यांना अधिकार नाही, आणि संपर्कापुरतं सोडून दुसरी वैयक्तिक माहिती मागता येत नाही. कलम 6(2) तसं म्हणतं. कलकत्ता उच्च न्यायालयानं 2013 मध्ये पोस्ट बॉक्स क्रमांकही पुरतो असं म्हटलं आहे. तरी अर्जावर नाव लागतंच, आणि ते गावापर्यंत पोचतं हे तू मी जाणतो. म्हणून एकीनं देऊ नये. बचत गटातल्या दहा जणींनी एकाच मजकुराचे दहा अर्ज द्यावेत. मग ‘कोणी दिला’ या प्रश्नाला एका नावाचं उत्तर राहत नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे, तुमच्या गावात ती कागदावरच होत असेल तर आधी तीच मागा. तिथे यादी वाचायला लावा, नाव आणि हप्ता एवढीच. पक्क्या घराच्या मालकाला उत्तर तिथे द्यावं लागेल, सगळ्यांसमोर, आणि विचारणारी एकटी तू नसशील.

शेवटचं काम यादीतल्या माणसांचं. यादी काढल्यावर खात्यावरून त्यांना तुझ्या नेहमीच्या बोलीत सांग: तुमचे क्रमांक बाहेर गेले आहेत, घरकुलाच्या नावानं फोन आला तर काही सांगू नका, पैसे गेले तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. आधारच्या ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून बोटांचे ठसे लॉक करता येतात, म्हणजे अंगठा लावून खात्यातून परस्पर पैसे काढता येत नाहीत. मदतीचा नंबर 1947. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांच्यापर्यंत हे पोस्टनं पोचणार नाही. त्यांच्या घरी तुला जावं लागेल, शेजारची पोरगी म्हणून, खात्याचा विषय न काढता. पासबुक काढायला लाव, ते बँकेत नेऊन कुठली नोंद अनोळखी नाही ना ते त्यांना दाखवून घे, आणि सुरुवात त्या यादीत एकट्या राहणाऱ्या ज्या दोघी-तिघी आहेत त्यांच्यापासून कर.